मॅट खांद्यावरूनच जाईल

‘चालेल,’ शशांक मुजुमदार म्हणाला आणि मॅटकडं न बघताच वळला.

मी हातात हातोडा घेऊन तिथंच उभा होतो. उजाडल्यापासून आम्ही अकरा जणांनी ती काथ्याची मॅट ओढून, ताणून, कडेनं लोखंडी खिळे मारून मैदानावर ठोकली होती. हाताला फोड आले होते. नियम असा होता की मॅट मागच्या वर्षी हरलेल्या शाळेनं टाकायची आणि जिंकलेल्या शाळेच्या कॅप्टननं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघायची. कुठं फाटलंय, कुठं उचललंय ते सांगायचं, आम्ही ते नीट करायचं, आणि मग त्यानं पंचांसमोर ‘चालेल’ म्हणायचं. एकदा म्हटलं की दिवसभर मॅटबद्दल कुणी तोंड उघडायचं नाही.

‘आरं, बघून तरी घे की,’ मी म्हणालो.

‘काय बघायचंय त्यात? दर वर्षी तीच तर असते.’ त्यानं खिशातनं पुडी काढून तिळगूळ माझ्या हातावर ठेवला. माझ्या डोक्याकडं बघून हसला. ‘काय टकल्या, केस आले वाटतं.’

मी तिळगूळ तोंडात टाकला. गोड होता, खोटं कशाला सांगू.

ही चौऱ्याऐंशी सालची संक्रांत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या गावात दोन शाळांची क्रिकेटची मॅच व्हायची. एक श्रीमंत विजयसिंह हायस्कूल. वकील, डॉक्टर, पेढीवाले यांची पोरं तिथं. दुसरं आमचं विणकर विद्यालय. आमच्यात सगळी हातमागवाल्यांची पोरं, शाळा सुटली की सुताच्या कांड्या भरायला बसणारी. मैदान नदीकाठी. तिथनं वर आलं की पेठ लागायची, पेठेच्या शेवटाला विजयसिंह, आणि तिच्याही पुढं माळावर आम्ही. मॅट एकच होती, दोन्ही शाळांनी मिळून घेतलेली. जो हरेल त्यानं ती वर्षभर सांभाळायची. उंदरांपासनं वाचवायची, फाटली तर शिवायची, आणि मुख्य म्हणजे मॅच संपली की खांद्यावर घेऊन पेठेतनं आपल्या शाळेत न्यायची.

नऊ वर्षं ती आमच्याच शाळेत होती.

त्यामुळं ती मॅट आम्हाला आमच्या अंथरुणासारखी माहीत होती. एका टोकापासून पाच पावलांवर एक वीतभर ठिगळ होतं. चार वर्षांपूर्वी तिथं उंदरांनी भोक पाडलं, तेव्हा आमच्या हुक्केरी सरांनी आम्हाला दाभण आणि सुतळी दिली आणि आम्ही दुहेरी गोणपाट लावून ते शिवलं. बाकीच्या मॅटवर चेंडू उसळायचा. त्या ठिगळावर पडला की मरायचा, घोट्याच्या वर यायचा नाही. दर वर्षी आम्ही ते टोक नदीकडं टाकायचो. मी नदीकडनंच बॉलिंग टाकायचो, कारण वारा तिकडनं. म्हणजे माझा चेंडू जिथं पडायचा तिथं ठिगळ कधीच नसायचं.

त्या वर्षी मी कॅप्टन होतो. मी मॅट फिरवून टाकली, ठिगळ माझ्या टप्प्यावर येईल अशी. हो, मुद्दाम. आज साठीला आलोय तरी सांगतो, मुद्दाम. ठिगळ झाकलं नाही, लपवलं नाही. ज्यानं बघायचं त्यानं बघितलं असतं तर काढायला लावलं असतं आणि मी मुकाट्यानं मॅट फिरवली असती. त्यांच्यातल्या कुणाला नदीकडनं बॉलिंग टाकून ठिगळावरच चेंडू पाडायचा असता, तर तेही मोकळे होते. पण नऊ वर्षं जिंकणाऱ्यांना खाली बघायची सवय राहिली नव्हती.

मॅट ठोकून झाल्यावर आमचा विकेटकीपर सदा फासे खिळ्यांच्या पोत्याखाली काहीतरी झाकून ठेवताना दिसला. मला दिसलं ते काय आहे. मी विचारलं नाही.

आम्ही आधी बॅटिंग केली आणि एकशे अठरात आटोपलो. विजयसिंहच्या पोरांनी जेवणाच्या सुट्टीतच शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली. त्यांचे हेडमास्तर टेंबे सर खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी हुक्केरी सरांना हाक मारून विचारलं, ‘काय हुक्केरी, यंदा खांद्याला टॉवेल आणलेत ना पोरांच्या?’ आमचे सर नुसते हसले. सर चित्रकला शिकवायचे, पगार अर्धा आणि तोही कधीमधी, आणि टेंबे सरांपुढं त्यांचा आवाजच बसायचा. मला त्यांच्या त्या हसण्याचा राग यायचा.

दुपारी शशांक उभा राहिला आणि हां हां म्हणता चार बाद शहाण्णववर त्यांना घेऊन आला. त्याच्या एकट्याच्या एक्केचाळीस. पोरगा खेळायचा झकास, ते कबूल केलं पाहिजे. मी तोवर तीन ओव्हर टाकून थांबलो होतो. ठिगळावर एकही चेंडू टाकला नव्हता.

सदा जवळ येऊन म्हणाला, ‘म्हादबा, आता कवा? उद्या?’

‘थांब. त्यो पुढं येऊन मारायला लागू दे.’

पुढच्या ओव्हरला मी चेंडू घेतला. पहिले दोन आखूड टाकले, त्यानं मागं जाऊन ढकलले. तिसरा मात्र ठिगळावर. शशांकनं एवढा मोठा पाय पुढं टाकला, बॅट खांद्याएवढी उचलली, आणि चेंडू जमिनीला चाटून त्याच्या बॅटखालनं गेला. मधला स्टंप उताणा.  मग आमच्या बाजूला बसलेल्या बाया ओरडायला लागल्या, आणि त्यात माझी आई होती.

शशांक गेला नाही. तो पुढं आला, वाकला आणि बॅटच्या टोकानं ठिगळ टोचून बघितलं. ‘हे काय आहे?’

‘ठिगळ हाय.’

‘आज लावलंत?’

‘चार वर्षं झाली. सुतळी बघ, काळी पडल्या.’

‘ही चीटिंग आहे. शेख मास्तर, बघा हे.’

पंच शेख मास्तर तालुक्याहून यायचे. ते चष्मा सावरत आले, ठिगळावरनं हात फिरवला आणि शशांकला विचारलं, ‘बेटा, सकाळी माझ्यासमोर चालेल कोण म्हणालं?’

शशांक बॅट काखेत मारून चालायला लागला.  मला बोलायची इतकी इच्छा होती की जीभ दातात धरावी लागली.

त्यानंतर त्यांच्यातला प्रत्येक जण खेळायच्या आधी ठिगळाकडं बघायला लागला. मी उरलेले चेंडू त्याच्या आसपास कुठंही टाकत होतो आणि ते ठिगळ बघत आऊट होत होते. एकशे अकरावर शेवटचा गेला. सात धावा. नऊ वर्षांनी सात धावा. सदानं मला उचललं आणि तो स्वतःच खाली पडला. हुक्केरी सर डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणून सगळ्यांना सांगत होते.

खरी गोष्ट यानंतरची आहे.

आम्ही खिळे काढले, मॅट लांबच्या लांब गुंडाळून दोरीनं बांधली आणि बाजूला उभे राहिलो. आता त्यांनी उचलायची. तर टेंबे सर आले, मागं दोन शिपाई आणि एक हातगाडी.

‘घाला रे गाडीवर,’ सर शिपायांना म्हणाले.

मी पुढं झालो आणि मॅटवर बसलो. ठरवलं वगैरे काही नव्हतं, पायच तसे वळले. ‘सर, मॅट खांद्यावरनं जाईल. न्हाईतर हितंच ऱ्हाईल.’

‘तू कोण सांगणारा?’

‘महादेव उरणे, कॅप्टन.’

‘उरणे, ऊठ. आमच्या मुलांना उद्या शाळा आहे, क्लास आहेत. हमाली करायला नाहीत ती.’

‘आमाला बी दर साली दुसऱ्या दिवशी शाळा असतीय, सर.’

आमची पोरं एकेक करून माझ्या शेजारी बसली. सदा, त्याच्यापुढं दोघं सख्खे भाऊ, मग बाकीचे. गुंडाळलेल्या मॅटवर अकरा जण, वडाच्या पारावर बसल्यासारखे. भोवती माणसं जमायला लागली.

टेंबे सरांचा आवाज चढला. ‘हुक्केरी, समजवा तुमच्या पोरांना. मार्चमध्ये दहावीला हीच पोरं माझ्या शाळेत पेपरला बसणार आहेत. सेंटर माझं आहे, लक्षात असू दे.’

हुक्केरी सर पुढं आले. चेहरा उतरलेला. माझ्यासमोर वाकून हळू म्हणाले, ‘म्हादबा, जिंकलास ना? झालं ना? आता उठावं, बाळा. परीक्षेचं वर्ष आहे. तुझ्या आईनं कुणाच्या जिवावर...’

‘न्हाई उठणार, सर.’

मी त्या माणसाला आयुष्यात कधी उलटून बोललो नव्हतो. माझी फी त्यांनी भरली होती. पण बोललो.

‘सर, तीन वर्षांमागं तुमी हातगाडी आणली हुती. किसन दाभाड्याचा खांदा निखळला हुता म्हणून. मी सातवीत हुतो, हितंच उभा हुतो. टेंबे सरांनी भर पेठेत गाडी थांबवून मॅट खाली काढायला लावली. काय म्हणाले हुते, आठवतंय? नियम म्हंजे नियम. किसननं गळ्यात हात अडकवून दुसऱ्या खांद्यावर न्हेली ती. तवा तुमी काय बोलला न्हाईसा. आता तरी मला ऊठ म्हणू नका.’

 सरांनी पायातल्या चपला काढल्या, पांढऱ्या पॅंटची घडी सावरली आणि माझ्या शेजारी मॅटवर बसले. धुवट पॅंट, एकुलती एक, आम्हाला सगळ्यांना माहीत होती ती.

‘टेंबे सर,’ ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क मोठा होता, ‘पोरगा नियमाचंच बोलतोय.’

‘तुम्हीसुद्धा? संस्थेकडं पत्र जाईल, हुक्केरी.’

‘जाऊ दे. पगार तरी कुठं वेळेवर येतोय.’

लोक हसले. टेंबे सर लालबुंद झाले. त्यांनी शिपायांना मॅट ओढायला सांगितलं, पण शिपाई आमच्याच गल्लीतले, ते गाडीच्या चाकाला काहीतरी झालंय असं करत खाली वाकून बसले.

तेवढ्यात शशांक आला. पॅड सोडलेले, शर्ट बाहेर. माझ्यासमोर उभा राहिला.

‘एवढं काय आहे रे त्यात? गाडीवरनं गेली काय, खांद्यावरनं गेली काय.’

‘तुला ठावं न्हाई?’

‘नाही.’

‘मग खांद्यावर घे. ठावं हुईल.’

त्यानं एकदा टेंबे सरांकडं बघितलं. ‘मुजुमदार, तू यात पडायचं नाहीस,’ सर म्हणाले.

‘सर, सकाळी चालेल मी म्हणालो होतो,’ शशांक म्हणाला. ‘हरलोय पण मीच.’ आणि त्यानं आपल्या पोरांना हाक मारली. दोघं तोंड फिरवून टेंबे सरांच्या मागं निघून गेले. बाकीचे कुरकुरत आले.

आम्ही उठलो. नऊ जणांनी मॅट उचलली, शशांक सगळ्यात पुढं. ओझं काय असतं ते त्याच्या मानेच्या शिरांवर दिसलं. उन्हात तापलेला काथ्या मानेला घासतो, कुसं कॉलरमधनं आत जातात. मला काही सांगायची गरज नव्हती.

आणि तेव्हा सदानं पोत्याखालचं ते बाहेर काढलं. मडकं. सुतळीच्या शिंक्यात बांधलेलं, आत शेणीचे तुकडे. त्यानं काडी ओढली, फुंकर घातली आणि धुमसणारं मडकं माझ्या हातात दिलं.

‘धर, म्हादबा. म्होरं चल. नऊ वर्षं आमाला दाखवलं, आज त्येंनी बघू दे.’

आता हे मडकं काय ते सांगायला पाहिजे. गुंडाळलेली मॅट अकरा जणांच्या खांद्यावरनं पेठेतनं निघाली की लांबून ती तिरडीसारखी दिसायची. पहिल्याच वर्षी विजयसिंहच्या पोरांना हे सुचलं. तेव्हापासनं त्यांच्यातला एक जण धुराचं मडकं धरून आमच्या पुढं चालायचा आणि बाकीचे मागनं रडायची सोंगं करायचे. पेठेतले दुकानदार उठून बघायचे, हसायचे. विणकर विद्यालयाचं मयत चाललंय म्हणायचे. नऊ वर्षांत आमच्यातल्या कित्येकांनी ते ऐकलं.

मागच्या वर्षी ते मडकं शशांकनं धरलं होतं. मी नववीत, मॅटच्या पहिल्या जोडीत. माझ्या भादरलेल्या डोक्यावर अजून नुसते खुंट. पेठेच्या मध्यावर तो मागं वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, ‘काय टकल्या, तुझंच कुणीतरी गेलंय वाटतं.’ केवढे हसले लोक.

माझ्या हातात आता तसंच मडकं होतं. धूर डोळ्यात जात होता. वर्षभर मी हाच एक दिवस डोळ्यांपुढं धरून बॉलिंग टाकली होती, गिरणीच्या भिंतीवर, अंधार पडेपर्यंत. एका ठिगळावर शंभरातले नव्वद चेंडू पडेपर्यंत. शशांक माझ्यासमोर ओझ्याखाली वाकून उभा होता, आणि त्याला सगळं समजलं होतं. त्यानं नजर खाली घातली नाही. ‘धर,’ तो म्हणाला. ‘मी धरलं होतं.’

मी मडकं पालथं केलं. निखारे मातीत पडले. चपलेनं विझवले, आणि मडकं नदीच्या बाजूला भिरकावून दिलं.

‘आरं येडा का खुळा तू?’ सदा कळवळून म्हणाला. ‘एवढं मी कुंभाराकडनं...’

‘मॅट न्हेऊ दे, सदा. मडकं न्हाई.’

‘का?’ हे शशांकनं विचारलं.

‘मागच्या साली तू इचारलंस, माझं कोण गेलं,’ मी म्हणालो. ‘माझा बाप गेला हुता. सव्वा महिना झाला हुता. त्येच्या म्होरं मीच मडकं धरून चाललो हुतो, ह्याच पेठेतनं. आमच्यात ते खेळायला धरत न्हाईत.’

  शशांकनं खांदा बदलला आणि मागं न बघता म्हणाला, ‘चला रे.’

नऊ जणांनी मॅट पेठेतनं नेली. दोन खांदे कमी असल्यामुळं ती मधे लोंबत होती. आम्ही अकरा जण आणि हुक्केरी सर कडेनं चाललो, कुणी शिट्टी वाजवली नाही, कुणी रडायचं सोंग केलं नाही. दुकानदार उठून उभे राहिले आणि हसायचं की नाही ते न कळून परत बसले. आई वाणगळ्यांच्या दुकानापाशी उभी होती. तिनं मागच्या वर्षीचं ऐकलं होतं, मी सांगितलं नव्हतं तरी. ती आमच्यासोबत चालायला लागली.

विजयसिंहच्या दारात त्यांनी मॅट उतरवली. शशांकच्या मानेवर लाल वळ उठले होते. मी खिशातनं दाभण आणि सुतळीचा गुंडा काढला आणि त्याच्या हातात दिला. चार वर्षं आमच्याकडं होता, आता त्यांचा.

त्यानं दाभणाकडं बघितलं. मग दोरी सोडली, दारातच मॅट उलगडली आणि गुडघ्यावर बसून एका टोकापासनं बघायला लागला. हातानं चाचपत, एकेक पाऊल. ठिगळापाशी थांबला. पुढं कडेला एका जागी काथ्या उसवला होता, खिळ्यानं, त्याच दिवशी.

‘हे कसं शिवायचं?’ त्यानं विचारलं.

‘शीक,’ मी म्हणालो. ‘आमाला बी येत न्हवतं.’